सिकलसेल आणि अनेकांची एक नोंद
(सुवर्णमहोत्सवानिमित्त मिस्सानंतर धर्मग्रामाच्या सभागृहात केलेले भाषण)



महोत्सवाच्या निमित्ताने धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या चाळण्याचे काम आम्हांकडे आले. मृतांच्या वहीत तान्ह्या बालकांची नावे पुष्कळ, आणि कारणापुढे बहुधा एकच शब्द: ‘ताप’. त्यांतील कितींना सिकलसेल होता, हे आता कोणासही सांगता यावयाचे नाही. पूर्व विदर्भात हे दुखणे पिढ्यान्‌पिढ्या आहे, म्हणून आज त्याविषयी बोलण्याचे योजिले आहे.

या रोगात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा उठतात. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली या वाकड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले; पण तेवढ्याने बालके वाचली नाहीत. लहानपणीच प्लीहा निकामी होते, आणि मग न्यूमोकोकस जंतूचा ताप पाहता पाहता मूल नेतो. रोज पेनिसिलिन दिल्यास हे टळेल काय? प्रश्न साधा, परंतु एका इस्पितळात अशी मुले मूठभर. तेवढ्यांवरून उत्तर देण्यास प्रामाणिक डॉक्टर धजत नाही.

तेव्हा अमेरिकेतील २३ संस्था एकत्र आल्या. डॉक्टर मॅरिलिन गॅस्टन या कृष्णवर्णीय विदुषी त्या कार्यात अग्रणी होत्या. सर्वांनी एकच पद्धत ठरविली, एकाच तऱ्हेने नोंदी ठेविल्या, आणि २१५ बालके मिळाली. १०५ जणांस पेनिसिलिन व ११० जणांस औषधाचा अंश नसलेली गोळी. कोणास काय मिळते हे ना आईस ठाऊक, ना डॉक्टरांस. पेनिसिलिन घेणाऱ्यांत २ मुलांस भयंकर जंतुसंसर्ग झाला, दुसऱ्या गटात १३ मुलांस, आणि त्यांतील तिघे दगावली. उत्तर इतके स्वच्छ होते की प्रयोग ८ महिने आधीच थांबविण्यात आला. १९८६ साली हे प्रसिद्ध झाले व १९८७ साली तेथील तज्ज्ञांनी प्रत्येक नवजात बालकाची तपासणी करावी असे सुचविले. त्या तिघांची नावे आम्हांस ठाऊक नाहीत. तरी नोव्हेंबरात मृतांसाठी मिस्सा अर्पण करिताना आम्हांस त्यांचे स्मरण होते.

पुढे १९९५ साली अमेरिका व कॅनडा येथील २१ केंद्रांनी मिळून हायड्रॉक्सियुरियाने कळांचे झटके जवळजवळ निम्म्यावर येतात हे दाखविले. हिवतापाच्या मुलखात हे औषध चालेल काय, ही शंका उरली होती. अंगोला, काँगो, केनिया व युगांडा येथील सहाशेंवर मुलांच्या नोंदींनी २०१९ साली तीही फेडली. त्या मुलांत हिवताप उलट कमी झाला.

आता आपल्या घरची गोष्ट. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला. १७ राज्यांतील चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी योजिली होती. पण आपल्याकडे कार्ड मिळाले की ते पेटीच्या तळाशी जाते, मुलीचे लग्न मोडेल या भयाने. काही वर्षांपूर्वी एका बापाने असेच विचारले असता, ‘घरची गोष्ट घरात राहू द्या,’ असे आम्हीच सांगितले. ते आमचे चुकले. वाहक माणूस रोगी नसतो, आणि ख्रिस्तसभा त्यास विवाह नाकारीत नाही. परंतु दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भास चारांत एक या प्रमाणात रोगाचे भय असते. लग्नाच्या पुकारण्यांपूर्वी उभयतांना हे कळलेच पाहिजे. आणि दडविलेल्या कार्डावरून कोणताही डॉक्टर काही शिकू शकत नाही.

पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आरोग्य खात्याच्या परिचारिका याच सभागृहात बसतील. लहान मुलांस घेऊन यावे, व ज्यांची कार्डे पेटीत आहेत त्यांनी ती काढून आणावीत. आमची चाळिशी केव्हाच उलटली, म्हणून आमचे बोट टोचले जाणार नाही. खुर्च्या मांडावयास मात्र आम्ही सकाळी सातपासून हजर असू.