वाचकाचा प्रश्न आणि ग्रंथालयाचे उत्तर



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ग्रंथालयाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली. कपाटे आणि ग्रंथसंख्या यांपेक्षा वाचकाच्या प्रश्नाविषयी बोलावे, असे मी ठरविले. हा प्रश्न आता भ्रमणध्वनीवरील संदेशानेही येऊ शकतो. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या साधनाचा वाचकसेवेसाठी उपयोग कसा करावा, हा माझा आजचा विषय आहे.

कुंभकोणम्‌ला हा विषय परका नाही. १९०३ साली येथील एका शाळकरी मुलाच्या हाती, मित्राच्या मध्यस्थीने, कार यांच्या गणितसिद्धान्तसंग्रहाची ग्रंथालयातील प्रत पडली. तो मुलगा म्हणजे श्रीनिवास रामानुजन. ग्रंथ योग्य वाचकाला भेटला की काय घडते, हे जगाने पाहिले. परंतु अशी भेट केवळ योगायोगावर सोपवू नये, यासाठीच ग्रंथपालाची योजना असते. हा विचार शास्त्ररूपाने मांडणारे डॉ. शि. रा. रंगनाथन हेही कावेरीच्या याच खोऱ्यातले; १८९२ साली ते शियाळी येथे जन्मले. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र सांगते, की वाचकाचा वेळ वाचवावा. त्याच वर्षी मन्नारगुडीस बैलगाडीतून फिरते ग्रंथालय सुरू झाले. वाचक येऊ शकत नसेल, तर ग्रंथालयाने त्याच्याकडे जावे, ही त्या बैलगाडीमागील दृष्टी होती. संदेशसेवेमागील दृष्टीही तीच आहे.

अमेरिकेतील अनेक ग्रंथालयांनी या शतकाच्या आरंभीच वाचकांच्या प्रश्नांना संगणकावरील तत्काळ संदेशांनी उत्तरे देण्यास सुरुवात केली. त्या काळची एओएलची संदेशसेवा २०१७ साली आणि याहूची २०१८ साली बंद पडली. ग्रंथपालांचे काम मात्र थांबले नाही. साधने येतात आणि जातात. सेवा टिकते ती उत्तर देणाऱ्या माणसामुळे.

आपल्या तंजावरी मराठी समाजाला तर या सेवेचे विशेष मोल आहे. आपण घरी मराठी बोलतो. परंतु तमिळ वा इंग्रजी शाळांत शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांना देवनागरी लिहिताना संकोच वाटतो. ग्रंथालयाच्या मेजासमोर तो संकोच अधिकच वाढतो, आणि प्रश्न मनातच राहतो. ध्वनिसंदेशाला लिपी लागत नाही. आपल्या घरगुती मराठीत विचारलेला प्रश्नही तितकाच प्रतिष्ठित मानला, तर एक बंद दार उघडेल.

समजा, कोणी आजीच्या पेटीतील जुन्या कागदाचे छायाचित्र पाठविले आणि विचारले, की हे काय आहे? उत्तर देणाऱ्याने प्रथम उलट विचारावे: कागद कोठून आला, मागील बाजूस काही लिहिले आहे काय, आपणास नेमके काय जाणून घ्यावयाचे आहे? लिपी मोडी आहे, एवढे तत्काळ सांगता येईल. मजकुराच्या वाचनासाठी मात्र जाणकाराकडे, किंवा मराठी हस्तलिखिते व मोडी कागदपत्रे जतन करणाऱ्या तंजावरच्या सरस्वती महालाकडे वाट दाखवावी लागेल. रंगनाथनांनी तत्पर आणि दीर्घ अशी संदर्भसेवेची जी विभागणी केली, तिचे मर्म हेच. संदेश पहिलीला पुरेसा आहे. दुसरीचा तो केवळ आरंभ होय.

सेवेस काही शिस्तही हवी. क्रमांक ग्रंथालयाचा असावा, कोणा व्यक्तीचा नव्हे. उत्तराची वेळ जाहीर असावी. सरकारी कचेरीत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास पोच देण्याचे महत्त्व ठाऊक आहे: उत्तर सापडले नसले, तरी शोध चालू आहे एवढे कळवावे. उत्तराबरोबर ग्रंथाचे नाव व पृष्ठ द्यावे. एकाचा प्रश्न दहा जणांच्या समूहात मांडू नये, कारण काय वाचावे हा वाचकाचा खाजगी अधिकार आहे. स्वामित्वहक्क असलेल्या ग्रंथाची पानेच्या पाने पाठवू नयेत. ज्यांच्याजवळ असे साधन नाही, त्यांच्यासाठी प्रत्यक्ष भेटीची वेळ कायम ठेवावी.

आपल्या मंडळापाशी मोठी इमारत नसेल. परंतु आठवड्यातून दोन तास देणारी दोन-तीन सुजाण माणसे निश्चित आहेत. विचारणाऱ्याला कोणी उत्तर दिले नाही, तर तो पुन्हा विचारीत नाही. आणि ज्या भाषेत प्रश्न विचारणे थांबते, त्या भाषेतील ग्रंथांवर धूळ बसू लागते. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण निदान एवढे काम हाती घ्यावे, अशी नम्र सूचना करून मी आपली रजा घेतो.