गोधडीच्या आडोशातला आवाज
(संस्थेच्या कार्यक्रमात सभासद व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. आकडेमोड हा आमचा धंदा. गाण्याचे आम्ही फक्त श्रोते. तरीही आज 'घरच्या घरी आवाजाचे उत्तम ध्वनिमुद्रण' हा विषय आम्ही निवडला, त्याला कारण आहे. ते आधी सांगतो.

आमच्या माहितीत एक आजी होत्या. जलशातली जुनी गाणी त्यांना तोंडपाठ. कागदावर एक ओळ नाही, सगळे गळ्यात. एका पावसाळ्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो, मोबाइल टेबलावर ठेवला आणि म्हणालो, आजी, म्हणा आता. आजींनी तासभर गाणी म्हटली. आम्ही खूश. घरी येऊन ऐकले, तर डोक्यावरच्या पंख्याची घरघर आणि पत्र्यावर पावसाचा ताशा! आजी जणू विहिरीच्या तळातून गात होत्या. निम्मे शब्द कळेनात. पुन्हा निवांत जाऊ, असे ठरवले. ते निवांत काही आले नाही. हिवाळ्यात आजी गेल्या. बँकेत चुकलेली नोंद दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. ही नोंद आता कोण दुरुस्त करणार?

मित्रांनो, आपली गाणी मुखातून मुखात आली. आंबेडकरी जलशांनी बाबासाहेबांचा विचार खेडोपाडी नेला, तो ढोलकी आणि खड्या आवाजाच्या जोरावर. आपल्या अकोल्याला लागूनच सिन्नर तालुका आहे. त्यातील देशवंडी गावी १५ ऑगस्ट १९२२ रोजी वामनदादा कर्डक जन्मले. त्यांनी गावोगाव हिंडून हजारो गाणी रचली व गायिली. २००४ साली ते गेले. त्यांच्या हयातीतच ध्वनिफितींचे युग आले. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर भीमगीतांच्या कॅसेटचे ढीग लागत. पण कॅसेट निघायची ती स्टुडिओपर्यंत पोचलेल्या गायकाची. वस्तीतल्या आजीपर्यंत स्टुडिओ कधी आला नाही.

यंत्रांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाला कर्ण्यात तोंड घालून जोराने गावे लागे. १९२५ पासून मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण सुरू झाले. आपले भंडारदऱ्याचे धरण १९२६ चे, म्हणजे दोन्ही गोष्टी एका वयाच्या. १९६३ साली कॅसेट आली. आणि आज मुद्रणयंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. मग अडते कोठे? आमच्या अनुभवाने सांगतो, यंत्राच्या आधी खोलीत अडते.

आवाज दोन वाटांनी माइकपर्यंत पोचतो. एक सरळ तोंडातून आणि दुसरा भिंती, फरशी, पत्रा यांवर आपटून. अंतर दुप्पट केले की सरळ आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून टेबलावरच्या मोबाइलमध्ये आजी विहिरीत गेल्या. उपाय सोपा आहे. माइक तोंडापासून एक वीत अंतरावर ठेवा. अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला ठेवा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा फटका त्यावर बसणार नाही. भरतकामाच्या रिंगणात पातळ पायमोजा ताणून मध्ये धरला तरी काम भागते.

दुसरी गोष्ट गोधडीची. गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर जाड गोधड्या टांगा. पाठीमागे अशासाठी की, गायकी माइक बहुधा समोरचे ऐकतो, आणि त्याच्या समोर गायकामागची भिंतच असते. मोबाइल तर चहूबाजूंचे ऐकतो, त्याला सगळीकडून आडोसा द्या. रिकाम्या खोलीपेक्षा कपडे, गाद्या, पुस्तके भरलेली खोली चांगली. कोपऱ्यात मात्र बसू नये, तेथे आवाज जड आणि घुमट होतो. गोधडी तो जडपणा शोषत नाही.

तिसरी गोष्ट शांततेची. पंखा, फ्रिज, दूरदर्शन बंद. मोबाइल विमान-स्थितीत. आपल्या पश्चिम भागातल्या पावसात पत्र्याखाली मुद्रण करूच नये. उघडीप बघावी. आधी अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित करून ऐकावी, म्हणजे चोर सापडतो.

चौथी गोष्ट पातळीची. सर्वांत उंच स्वरालाही मापकाचा काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहावा. शून्यावर आदळलेला आवाज फाटतो, आणि तो फाटका शिवणे फार कठीण. साथीचे संगीत हवे असेल तर ते कानातल्या हेडफोनवर ऐकावे, स्पीकरवर लावल्यास तेही माइकमध्ये शिरते. सोय असल्यास डब्ल्यूएव्ही प्रकारात साठवावे. एमपी३ मध्ये जागा वाचते, पण त्यासाठी आवाजाचा काही तपशील कायमचा गाळला जातो.

मुद्रण झाल्यावर संगणकावर ऑडॅसिटीसारखी मोफत आज्ञावली पुरते. सुमारे ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापला की वाहनांची घरघर कमी होते. आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही थोडी उतरते. मग हळू-मोठ्या आवाजातली तफावत थोडी आवळावी, त्यालाच कॉम्प्रेशन म्हणतात. घुमारा घालायचाच तर सर्वांत शेवटी, आणि भाजीतल्या मिठाइतका. आजींचा आवाज आजींचाच राहिला पाहिजे.

महागडा माइक लागतोच का, असे विद्यार्थी विचारतात. चांगला माइक, त्याला जोडणारा इंटरफेस असेल तर उत्तमच. पण उघड्या खोलीतल्या महाग माइकपेक्षा गोधडीच्या आडोशातला साधा मोबाइल बरा, हे आम्ही दोन्ही ऐकून सांगतो.

शेवटी कारकुनी सूचना. तारीख आणि सही नसलेले व्हाउचर बँकेत चालत नाही. तसेच प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि गाणे कोणाचे हे बोलून घ्या. रचणाऱ्याचे नाव गाळणे म्हणजे त्याची कमाई दुसऱ्याच्या खात्यावर टाकणे होय. गाणाऱ्याची परवानगी घ्या. आणि एक प्रत मोबाइलमध्ये, दुसरी वेगळ्या ठिकाणी ठेवा. मोबाइल बिघडतो, हरवतो.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या घरातल्या, भावकीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाचा आवाज नीट मुद्रित करावा, एवढीच विनंती. गाणे येत नसेल तर ओवी घ्या, आठवण घ्या. आमच्याजवळ आजींचे ते एक तासाचे मुद्रण अजून आहे. पंखा आणि पाऊस यांच्या मधून एखादी ओळ स्पष्ट येते, आणि पुढची बुडते. ती बुडालेली ओळ आम्हाला रोज सांगते की, निवांत वेळ येत नसतो, तो काढावा लागतो.