तिसरे आठ तास



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटाने केले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. आज मला बोलावयाचे आहे ते बायकांच्या फुटबॉलविषयी.

कोल्हापूर जिल्ह्यात, गडहिंग्लज तालुक्यात बेकनाळ नावाचे खेडे आहे. अंजू तुरंबेकर त्या गावच्या. त्या महाराष्ट्राकडून खेळल्या, प्रशिक्षक झाल्या, आशियाई महासंघाचा 'अ' परवाना त्यांनी मिळविला आणि अखिल भारतीय महासंघात लहान मुलांच्या पायाभूत फुटबॉलचे काम सांभाळले. त्यांच्या कामाचे मर्म मला वाटते ते असे : स्वतः मैदानात शिरणे ही एक गोष्ट, मागून येणाऱ्यांसाठी फाटक उघडे ठेवणे ही दुसरी, आणि तीच अधिक कष्टाची.

कारण फाटक लावणारे हात पुष्कळ असतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडात प्रेस्टन येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलींनी १९१७ साली संघ काढला. १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूल येथे त्यांचा सामना पाहावयास त्रेपन्न हजार लोक आले. १९२१ साली खाणमालकांनी टाळे लावले, तेव्हा बायकांच्या अनेक संघांनी खाणकामगारांच्या चुली पेटत्या ठेवण्यासाठी सामने केले. त्याच वर्षी, ५ डिसेंबरला, तिथल्या फुटबॉल संघटनेने 'हा खेळ बायकांना योग्य नाही' म्हणून आपली मैदाने त्यांना बंद केली. ती सुमारे पन्नास वर्षे बंद राहिली! आपल्याकडे १९८३ साली शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉलमध्ये दुसऱ्या स्त्रीला, बेमबेम देवींना, तो मिळावयास २०१७ उजाडले.

आता आपल्या खानदेशाकडे या. आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास स्वतःचे, ही घोषणा मी जन्मभर दिली. पण जळगावच्या डाळ मिलमधून घरी परतणाऱ्या बाईचे तिसरे आठ तास कोठे जातात? चुलीत आणि हंड्यात. तिची मुलगीही तिथेच गुंतते. 'पोरनी जात शे, दादा,' एवढे म्हटले की वाद मिटला!

एक कबुली देतो. माझ्या मुलीने एकदा शाळेच्या संघासाठी बूट मागितले. मी म्हणालो, 'आधी पाणी भर.' त्याच दिवशी आम्ही वेतनवाढीचा करार जिंकून आलो होतो. दारात गुलाल होता आणि घरात मी मालक झालो होतो. तिने पुन्हा मागितले नाहीत.

म्हणून सभागृहाकडे मागणे मांडतो. जळगावात आणि धुळ्यात, निदान एकेका मैदानावर, संध्याकाळचा एक तास मुलींच्या नावे राखून ठेवा. शिकविणाऱ्या बाईला महिन्याच्या महिन्याला मानधन द्या. नुसत्या शालीवर तिला परत पाठवू नका. आणि त्या तासाला घरचे पाणी बापाने भरावे.

पहिला हंडा मी उचलतो.