बॅकअपची किल्ली वेगळ्या हातात



पतसंस्थांचे हिशेब, दवाखान्यातल्या पेशंटच्या नोंदी, शाळांचे प्रवेश, दूध डेअरीची रोजची मापं असं बरंच काही गेल्या काही वर्षांत टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून उठून क्लाउडवर गेलं. हा क्लाउड फार लांब असतो असंही नाही. ॲमेझॉनची मुंबईतली केंद्रं २०१६ पासून चालू आहेत, आणि मायक्रोसॉफ्ट ज्याला सेंट्रल इंडिया म्हणते ते ठिकाण म्हणजे आपलं पुणे.

क्लाउडवर आहे म्हणजे सुरक्षितच आहे, असं मी सगळीकडे ऐकतो. ते अर्धंच खरं आहे. क्लाउड कंपनी यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी घेते. एखादी डिस्क जळाली तर तुमचा डेटा दुसऱ्या डिस्कवर असतोच, तुम्हाला कळतही नाही. पण ऑफिसातल्या कुणी चुकून सभासदांची यादी पुसली, तर ती त्या सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. पुसलेलं परत आणणं ही जबाबदारी तुमची, आणि त्यासाठी बॅकअप सॉफ्टवेअर नीट लावावं लागतं. ते लावताना काय काय ठरवायचं, हे आज सांगणार आहे. तुम्ही स्वतः तांत्रिक काम करत नसाल तरी ऐका. हे प्रश्न तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला विचारायचे आहेत आणि त्यांची उत्तरं मिळणं हा तुमचा हक्क आहे.

क्लाउडवरचा बॅकअप बहुतेक वेळा स्नॅपशॉटनं घेतात. स्नॅपशॉट म्हणजे एका विशिष्ट क्षणी डिस्क जशी होती तशी तिची नोंद. पहिला स्नॅपशॉट पूर्ण डिस्कचा असतो. त्यानंतरच्या प्रत्येक वेळी फक्त मधल्या काळात बदललेले भाग साठवले जातात. समजा, १०० जीबीची डिस्क आहे आणि रोज साधारण २ जीबी बदलतं. महिनाभर रोज स्नॅपशॉट घेतला तरी साठा होतो १६० जीबीच्या आसपास, ३,००० जीबी नाही. त्यामुळे रोज बॅकअप घेतला तर खर्च झेपणार नाही, या भीतीनं आठवड्यावर ढकलू नका. जुना स्नॅपशॉट काढून टाकला तर पुढचे निकामी होतील, ही भीतीही नको. पुढच्यांना लागणारे भाग यंत्रणा स्वतःच सांभाळून ठेवते.

सॉफ्टवेअर लावायला बसलात की पहिला प्रश्न येतो, कशाकशाचा बॅकअप घ्यायचा? इथे हातानं एकेक सर्व्हर निवडू नका. आज चार सर्व्हर निवडाल, दिवाळीनंतर पाचवा उभा राहील, आणि त्याचं नाव यादीत घालायचं कुणाच्या लक्षात येणार नाही. त्याऐवजी टॅग वापरा. प्रत्येक सर्व्हरला, डिस्कला, डेटाबेसला एक खूणचिठ्ठी लावता येते. ‘बॅकअप रोज’ अशी चिठ्ठी असेल ते सगळं आपोआप घ्या, असा नियम सॉफ्टवेअरमध्ये लिहिता येतो. जिथे चिठ्ठीच नाही अशा वस्तूंची यादी दर आठवड्याला मेलवर येईल, अशीही सोय करून घ्या. आणि सर्व्हरची डिस्क घेतली म्हणजे सगळं आलं असं समजू नका. डेटाबेस बऱ्याचदा वेगळ्या सेवेत असतो, स्कॅन केलेले कागद आणि फोटो तिसरीकडे.

दुसरा प्रश्न वेळेचा. बरीच बॅकअप सॉफ्टवेअर घड्याळ जागतिक वेळेनुसार, म्हणजे यूटीसीनुसार धरतात. आपण त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे. कुणी रात्रीचे २ समजून तिथे २ लिहिलं, तर आपल्याकडे सकाळी साडेसातला स्नॅपशॉट सुरू होतो. दूध संकलन केंद्रावर नेमकी तीच रांगेची वेळ. रात्री २ हवे असतील तर २०:३० लिहायचं, आणि वारही एक दिवस आधीचा धरायचा. रविवारी पहाटेचा साप्ताहिक बॅकअप हवा असेल तर तिथे शनिवार निवडावा लागतो.

किती वेळानं घ्यायचा, हे यंत्रावर ठरत नाही, तुमच्या कामावर ठरतं. स्वतःला विचारा, किती तासांचं काम पुन्हा हातानं भरता येईल? शाळेच्या ऑफिसला एक दिवस गेला तरी कागदावरून भरून काढता येईल. पतसंस्थेच्या काउंटरवर दुपारी अडीचला सर्व्हर गेला आणि बॅकअप आदल्या रात्रीचा असेल, तर सकाळपासूनच्या सगळ्या पावत्या गोळा करत बसावं लागेल. तिथे दर तासाला किंवा दर चार तासांनी घ्या. आणि ठेवायचे किती दिवस? सात दिवसांची सेटिंग सर्रास दिसते. ती मला फार तोकडी वाटते. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे लोक कित्येकदा आठवडेच्या आठवडे यंत्रणेत गुपचूप बसून असतात, आणि हिशेबातला घोटाळा तर लेखापरीक्षणातच उघड होतो. रोजचे महिनाभर, आठवड्याचे तीन महिने, महिन्याचे किमान एक वर्ष, असा माझा सल्ला आहे. नोंदणीकृत कंपन्यांना तर कायद्याचंही बंधन आहे. हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असतील तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवला पाहिजे, अशी दुरुस्ती ऑगस्ट २०२२ मध्ये झाली आहे.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट घेतला तर त्या क्षणी काही नोंदी डिस्कवर उतरलेल्या असतात, काही अजून मेमरीतच असतात. असा स्नॅपशॉट परत चढवला की डेटाबेसला वाटतं, मध्येच वीज गेली होती. चांगला डेटाबेस यातून सावरतो, पण दर वेळी त्याच्यावर विसंबू नये. विंडोजच्या सर्व्हरवर व्हीएसएस नावाची सोय असते. ती डेटाबेसला क्षणभर थांबवून मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवून घेते आणि मग स्नॅपशॉट होतो. लिनक्सवर हेच काम आधी आणि नंतर चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टनं करतात. सॉफ्टवेअरमध्ये याची खूण असते, पण ती नेहमी आधीपासून चालू नसते. डेटा दोन-तीन डिस्कवर विभागलेला असेल तर सगळ्यांचा स्नॅपशॉट एकाच क्षणी घेण्याची सेटिंगही तपासा. नाहीतर नोंदी एका वेळेच्या आणि त्यांची अनुक्रमणिका दुसऱ्या वेळेची, असा घोळ होतो.

यापुढचं मात्र मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचं आहे.

कोड स्पेसेस नावाची एक कंपनी होती. प्रोग्रॅमर मंडळींचा कोड सांभाळून ठेवणं हाच तिचा व्यवसाय. तिचं सगळं काम ॲमेझॉनच्या क्लाउडवर चालायचं, आणि बॅकअपही होते. जून २०१४ मध्ये कुणीतरी तिच्या क्लाउड अकाउंटच्या नियंत्रण पॅनेलमध्ये शिरलं आणि पैशांची मागणी करणारा निरोप ठेवला. कंपनीनं पासवर्ड बदलून ताबा परत घ्यायचा प्रयत्न सुरू केला. पण घुसखोरानं आतमध्ये आपल्यासाठी आणखी लॉगिन आधीच तयार करून ठेवले होते. ताबा जातोय असं दिसताच त्यानं पुसायला सुरुवात केली. डिस्कचे सगळे स्नॅपशॉट गेले, फाइलींचे साठे गेले, सर्व्हर उभे करायच्या प्रतिमा गेल्या. साधारण बारा तासांत सगळा खेळ आटोपला आणि कंपनीला कायमचं दार बंद करावं लागलं.

त्या कंपनीचे स्नॅपशॉट तांत्रिकदृष्ट्या खराब नव्हते. ते मूळ डेटाच्याच अकाउंटमध्ये, त्याच पॅनेलच्या हाताखाली होते. घराची दुसरी किल्ली घरातच खिळ्याला टांगून ठेवावी, तसं ते झालं. आजही मी ज्या बहुतेक संस्थांची मांडणी पाहतो ती अशीच असते. एकच अकाउंट, एकच मुख्य लॉगिन, आणि स्नॅपशॉट शेजारीच.

म्हणून बॅकअपसाठी वेगळं अकाउंट काढा. मुख्य अकाउंटमधून तिकडे प्रती जाव्यात, पण मुख्य अकाउंटच्या लॉगिननं तिकडचं काही पुसता येऊ नये. त्या दुसऱ्या अकाउंटचा पासवर्ड रोजचं काम करणाऱ्या माणसाकडे नसावा. संस्थेचा सचिव, मालक किंवा विश्वस्त अशा एखाद्या जबाबदार व्यक्तीकडे असावा. दोन टप्प्यांची तपासणी लावलेली हवी, आणि तिच्यासाठी दिलेला मोबाइल नंबर नोकरी सोडून गेलेल्या मुलाचा नसावा. बॅकअप सॉफ्टवेअरला क्लाउडमध्ये काम करायला परवानग्या द्याव्या लागतात, तिथे सोयीसाठी सगळे अधिकार देऊन टाकू नका. स्नॅपशॉट घ्यायचा, प्रत पाठवायची, एवढंच त्याला करता आलं की पुरे. त्याशिवाय बॅकअपच्या साठ्यालाच मुदतीचं कुलूप लावता येतं. ॲमेझॉनमध्ये त्याला व्हॉल्ट लॉक म्हणतात, आणि त्याच्या कडक प्रकारात सुरुवातीची सवलत संपली की मुदत पुरी होईपर्यंत कुणालाच, खुद्द मालकालाही, प्रत पुसता येत नाही. त्यामुळे मुदत नीट विचार करून घाला. चुकून दहा वर्षं लिहिलीत तर दहा वर्षांचं भाडं भरावं लागेल. मायक्रोसॉफ्टकडे पुसलेला बॅकअप ठरावीक दिवस परत मिळवता येतो, ती सोय बंद करून ठेवू नका.

तयार डेटाबेस सेवा घेतली असेल तर आणखी एक सापळा लक्षात घ्या. ॲमेझॉनच्या आरडीएससारख्या सेवेत रोजचा आपोआप होणारा बॅकअप छान चालतो, पण तो जास्तीत जास्त ३५ दिवसांचा असतो. शिवाय डेटाबेसच पुसला तर, वेगळं सांगितलं नसेल तेव्हा, हे बॅकअपही त्याच्याबरोबर जातात. त्यांच्या भरवशावर राहू नका, प्रत दुसऱ्या अकाउंटमध्ये पाठवा. स्नॅपशॉट एन्क्रिप्ट केलेले असतील, आणि ते तसे असावेतच, तर ते उघडणाऱ्या चावीचाही विचार करा. मूळ अकाउंट गेलं आणि चावी तिथेच राहिली, तर दुसरीकडच्या प्रती असून नसल्यासारख्या. प्रत पाठवताना ती बॅकअपच्या अकाउंटमधल्या चावीनं नव्यानं एन्क्रिप्ट करून घ्या.

जागाही वेगळी हवी. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला १० मार्च २०२१ च्या रात्री ओव्हीएच कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळून गेलं. बॅकअपसाठी वेगळे पैसे भरणाऱ्या ग्राहकांपैकीही काहींच्या प्रती त्याच आवारात होत्या, आणि त्या वादात पुढे न्यायालयानं कंपनीला भरपाई द्यायला लावली. भरपाई मिळाली म्हणून डेटा परत आला नाही. दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला सप्टेंबर २०२५ मध्ये बॅटरीमुळे आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवायची ८५८ टेराबाइटची यंत्रणा त्यात गेली, कारण ती फार मोठी म्हणून तिची बाहेर कुठे प्रतच नव्हती. आपल्याला हे अवघड नाही. मूळ डेटा मुंबईत असेल तर प्रत हैदराबादला, पुण्यात असेल तर चेन्नईला ठेवता येते, आणि दोन्ही भारतातच राहतात. प्रत पाठवायचे थोडे पैसे पडतात, ते खर्चात धरा.

शक्य असेल त्यांनी आठवड्यातून एक प्रत दुसऱ्याच कंपनीच्या क्लाउडवर किंवा ऑफिसातल्या डिस्कवर उतरवावी. ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचे सहा लाखांवर सभासद आहेत. मे २०२४ मध्ये त्यांची गूगल क्लाउडवरची यंत्रणा आपोआप पुसली गेली. गूगलच्या माणसानं सेवा उभी करताना सेटिंगमधली एक जागा रिकामी सोडली होती, आणि यंत्रणेनं त्याचा अर्थ एक वर्षाची मुदत असा घेतला. हा डेटा दोन ठिकाणी ठेवलेला होता, तरी दोन्हीकडचं एकदमच गेलं. फंडानं दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेले बॅकअप तेव्हा उपयोगी पडले. सॉफ्टवेअरमध्ये कुठलीही जागा रिकामी सोडताना ती रिकामी राहिली तर काय गृहीत धरलं जातं, हे वाचून घ्या.

यासाठी लागणारी सॉफ्टवेअर नवलाईची राहिलेली नाहीत. क्लाउड कंपन्यांची स्वतःची आहेत, बाहेरचीही आहेत. या क्षेत्रातलं बरंच काम पुण्यात झालं, ड्रुवा ही कंपनी तर २००८ साली तिथेच सुरू झाली. नाव कुठलंही निवडा, मी सांगितलेल्या सेटिंग्ज त्यात असल्या म्हणजे झालं.

सगळं लावून झालं की परत चढवून बघा. गिटलॅब या प्रसिद्ध कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला एका इंजिनिअरकडून मुख्य डेटाबेस पुसला गेला. मग एकेक बॅकअप उघडायला गेले तेव्हा कळलं, की डेटाबेसच्या आवृत्त्या जुळत नसल्यानं रोजचा बॅकअप कधीपासून होतच नव्हता. तो होत नसल्याच्या मेलही मेल सर्व्हर नाकारत होता. क्लाउडच्या डिस्क स्नॅपशॉटची सोय होती, पण डेटाबेसच्या सर्व्हरना लावलेली नव्हती. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हातानं घेतलेला एक स्नॅपशॉट सापडला, म्हणून कंपनी सावरली.

म्हणून फक्त अपयशाचा मेल मागू नका. बॅकअप झाला, असा मेलही रोज येऊ द्या. तो आला नाही की लगेच चौकशी करा. आणि तीन महिन्यांतून एकदा एक दिवस ठरवून बॅकअपच्या अकाउंटमधला एखादा स्नॅपशॉट घ्या आणि त्यातून नवा सर्व्हर उभा करा. तो इंटरनेटला आणि चालू कामाला जोडू नका. नाहीतर सभासदांना जुनेच एसएमएस पुन्हा जातील. काम रोज वापरणाऱ्या माणसाला त्यात लॉगिन करायला सांगा. कालची शेवटची पावती दिसते का, एखाद्या खात्याची शिल्लक जुळते का, स्कॅन केलेला कागद उघडतो का, हे त्यानंच बघायचं. सुरुवातीपासून लॉगिन होईपर्यंत किती वेळ लागला, तो वहीत तारखेसह लिहून ठेवा. एखाद्या दिवशी खरंच सर्व्हर गेला, तर काउंटरवर उभ्या असलेल्या लोकांना किती वेळ थांबायला सांगायचं, ते त्याच आकड्यावरून ठरवता येईल. तपासणी झाली की तो तात्पुरता सर्व्हर आणि त्याच्या डिस्क बंद करून काढून टाका. नाहीतर त्यांचं भाडं दर महिन्याच्या बिलात येत राहतं.