घरचा संगणक व त्याचा वीजपुरवठा



आमच्या बीड जिल्ह्यांत विजेचें कौतुक फार, पण तिचा भरंवसा थोडा. परळी-वैजनाथ येथें औष्णिक वीजकेंद्र आहे. परंतु २०१३ च्या दुष्काळांत त्याला पाणी मिळेनासें झालें आणि तें बंद ठेवावें लागलें. २०१५ सालीं तोच प्रसंग पुन्हां आला. जिच्या अंगणांत वीज तयार होते त्या भूमीलाही ती गृहीत धरतां येत नाहीं. आजचा माझा विषय याच अनुभवाचा एक घरगुती भाग आहे. मुलांना खेळांसाठीं संगणक जुळवून घ्यावयाचा असेल, तर त्याचा पॉवर सप्लाय, म्हणजे बाजारांत जिला एसएमपीएस म्हणतात ती पेटी, कशी निवडावी?

मी या विद्येचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली आणि मुलांना त्रैराशिक शिकवितां शिकवितां निवृत्त झालों. पण या पेटीनें एकदां माझें असें नुकसान केलें आहे कीं, तें भरून येणें नाहीं. सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं आम्हीं पहिला संगणक घेतला. पेटी खोक्याबरोबर फुकट आली होती. त्या यंत्रांत मीं माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या उतरून ठेवल्या होत्या. ती म्हणे आणि मी लिहीं, असें दोन वर्षें चाललें होतें. एके संध्याकाळीं गल्लींतील खांबावरची न्यूट्रलची तार तुटली. अशा वेळीं २३० व्होल्टांच्या घरांत दाब ४०० च्या जवळपास चढूं शकतो. पेटी जळाली, आणि जळतांना तिनें मदरबोर्ड व डिस्क दोन्हीं सोबत नेलीं. दुसरी प्रत मीं ठेवली नव्हती. पुढल्या वर्षीं आई गेली.

म्हणून यंदां नातवानें नवा संगणक जुळविण्याचा बेत सांगितला, तेव्हां मी हट्टाला पेटलों. "हजार वॅटची, सर्वांत महाग पेटी घे," असें मी म्हणालों. तो म्हणाला, "आबा, तुम्ही उगाच घाबरतां. पेटींत काय आहे? ते पैसे मी ग्राफिक्स कार्डांत घालतों." दोन दिवस घरांत अबोला राहिला. शेवटीं आम्ही दोघेही पाटी घेऊन बसलों, आणि दोघेही चुकत होतों असें दिसून आलें.

प्रथम ही पेटी काय करते तें पाहूं. भिंतींतून येणारा २३० व्होल्टांचा उलटसुलट प्रवाह ती एका दिशेचा करते. तेव्हां त्याचा दाब सुमारें ३२५ व्होल्ट होतो. मग सेकंदास हजारों वेळां त्याचे तुकडे पाडून, लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून नेऊन, १२ व्होल्ट व त्याहून कमी दाबाची स्थिर वीज ती यंत्राला पुरविते. आजच्या संगणकांत प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड हीं दोन्हीं मुख्यतः १२ व्होल्टांवर पोसलीं जातात.

आतां गणित. नातवानें निवडलेलें कार्ड, एनव्हिडियाचें आरटीएक्स ४०६०, ११५ वॅट घेतें. त्याचा प्रोसेसर, रायझन ५ ७६००, भर कामांत ८८ वॅटपर्यंत जातो. मदरबोर्ड, स्मृति, डिस्क व पंखे यांना ६० धरले. एकूण २६३ वॅट झाले. कार्डाचा कारखानदार ५५० वॅटची पेटी सुचवितो. म्हणजे पेटीवर जवळजवळ अर्धा भार पडतो, आणि अर्ध्या भाराच्या आसपासच अशी पेटी सर्वांत किफायतशीर चालते. माझे हजार वॅट व्यर्थ होते.

मग नातवाची फुकट पेटी कां नको? तिच्यावरील चिठ्ठी वाचा. मोठ्या अक्षरांत ४५० वॅट असतील. पण १२ व्होल्टांच्या रकान्यांत १६ अँपिअर असे लिहिले असेल, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅटच हातीं येतात. आमची गरज त्याहून अधिक. दुकानांत हा एक गुणाकार करावा, म्हणजे अर्धी फसवणूक टळते.

'८० प्लस' या शिक्क्याविषयींही गैरसमज आहे. ११५ व्होल्टांच्या चाचणींत अर्ध्या भारावर ब्राँझ पेटी शेंकडा ८५, तर गोल्ड पेटी शेंकडा ९० वीज कामीं लावते. २६० वॅटच्या कामाला एक सुमारें ३०६ वॅट ओढील, दुसरी २८९. रोज चार तास खेळ धरला तरी महिन्यास दोन युनिटांचा फरक. त्यासाठीं फार पैसे मोजूं नयेत. हा शिक्का काटकसरीचा आहे, सुरक्षिततेचा नव्हे. अधिक दाब, अधिक प्रवाह, अधिक भार व शॉर्ट सर्किट यांपासून रक्षण आहे काय, आंतील कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत काय, आणि हमी किती वर्षांची आहे, हें विचारावें. आमच्या वैशाखांत कपॅसिटरचा प्रश्न गौण नाहीं.

परंतु उत्तम पेटीही एकटी पुरत नाहीं. वीज गेल्यावर ती सेकंदाचा साठावा हिस्सा, फार तर थोडा अधिक, तग धरते. घरचा इन्व्हर्टर तेवढ्यांत बदलला नाहीं तर यंत्र बंद पडतें. शिवाय चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरशीं कांहीं नव्या पेट्यांचें जमत नाहीं. शुद्ध साइन लहर बरी. यूपीएस घेतांना व्हीए म्हणजे वॅट नव्हे हें ध्यानांत ठेवावें. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. पडद्यासह आमची ओढ ३४० च्या घरांत जाते, म्हणून आम्हीं १००० व्हीएचा घेतला. आणि सर्वांआधीं जाणत्या वायरमनकडून घराचें अर्थिंग तपासून घ्यावें; जुन्या वाड्यांत तिसऱ्या भोकाला तारच नसते. दोन सूचना मुलांना अवश्य द्या: पेटी कधींही उघडूं नये, कारण बंद केल्यावरही आंत विजेचा सांठा राहतो, आणि एका पेटीच्या सुट्या तारा दुसऱ्या पेटीला जोडूं नयेत.

शेवटीं ५५० वॅटची, पांच वर्षांच्या हमीची पेटी आली. अबोला सुटला. यंत्र सुरू झाल्यावर नातवानें खेळ लावला नाहीं, तो म्हणाला, "आबा, आजीला ज्या ओव्या आठवतात, त्या तरी आज लिहूं." सासूच्या तोंडून ऐकलेल्या अकरा ओव्या तिला आठवल्या. त्या आम्हीं दोन ठिकाणीं जपून ठेविल्या आहेत, आणि तिसरी प्रत माझ्या वहींत आहे.