जुना ट्रॅक्टर धुऱ्यावर बंद पडला तर
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कोरडवाहूवाल्याचं सगळं गणित वाफशावर चालतं, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. पाऊस पडून जातो, काळ्या रानात औत धरता येईल असा वाफसा दोन-चार दिवस टिकतो. तेवढ्यात पऱ्हाटी लागली तर लागली. आणि ट्रॅक्टर बंद पडतो तो नेमका तेव्हाच. मिस्त्री तालुक्याला, त्याच्या दारात आधीच पाच ट्रॅक्टर उभे. तिसऱ्या दिवशी तो येतो, दोन नट सैल करतो, पंप मारतो, नट आवळतो, ट्रॅक्टर सुरू! काम पाव तासाचं. मिस्त्रीची मजुरी सोडा, गेलेला वाफसा कोणत्या बिलात मांडायचा?

आपल्याकडचे ट्रॅक्टर बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या हाताचे. एचएमटीचंच घ्या. १९७१ पासून हरियाणात पिंजोरला हे ट्रॅक्टर निघू लागले, नमुना चेकोस्लोवाकियाच्या झेटरचा. तो कारखाना बंद करायला २०१६ साली केंद्र सरकारने मंजुरी दिली. कारखाना गेला, गावातला ट्रॅक्टर मात्र अजून नांगरतो आहे. आता कंपनीचा माणूस येणार नाही. मालकालाच अर्धा मिस्त्री व्हावं लागेल.

आणि ते जमण्यासारखं आहे. या जुन्या यंत्रात कॉम्प्युटर नाही. डिझेल इंजिनाला तर ठिणगीसुद्धा लागत नाही; हवा जोरात दाबली की इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. त्याला स्वच्छ डिझेल पाहिजे, स्वच्छ हवा पाहिजे आणि सुरुवातीला फिरवणारा स्टार्टर पाहिजे. बिघाड शोधायचा तो याच तीन ठिकाणी.

आधी स्टार्टर. तो फिरतच नसेल तर हेडलाइट लावा आणि मग चावी मारा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरली आहे, नाहीतर तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार चढला आहे. अर्थिंगची वायर आधी सोडा, टोकं गरम पाण्याने धुऊन खरवडा, घट्ट बसवा. दिवे लख्ख राहिले आणि आवाजच नाही, तर दोष स्विचमध्ये किंवा वायरीत आहे.

स्टार्टर फिरतो पण इंजिन पकडत नाही, तेव्हा डिझेलकडे वळा. पहिल्यांदा बंद करायची दांडी ओढलेलीच राहिली नाही ना, ते बघा. हसू नका, तेवढ्यासाठी अर्धं गाव गोळा झालेलं आम्ही पाहिलं आहे! मग हवा. टाकी कोरडी पडली, फिल्टर बदलला, की नळीत हवा शिरते आणि पंप डिझेलऐवजी हवाच दाबत बसतो. गिअर न्यूट्रल करा, टाकीत डिझेल भरा. पहिल्या फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातदांडा मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग धार आली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग मोठा पंप, याच क्रमाने. तरीही पकडलं नाही तर नोझलवर येणाऱ्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर मारा, डिझेल दिसलं की आवळा. त्या वेळी हात लांब ठेवा. नोझलची धार कातडीतून आत घुसते, तिला बोट लावून बघायचं नाही.

हवा काढली आणि तासाभरात पुन्हा बंद पडला, तर टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी तपासा. या भागात पंप ओढतो, म्हणून फटीतून डिझेल बाहेर गळेलच असं नाही, हवा मात्र आत जाते. तडकलेली रबरी नळी, पुन्हा वापरलेला जुना वायसर, हेच बहुधा चोर. टाकीच्या झाकणाचं बारीक छिद्रही धुळीने बुजतं. झाकण सैल केल्यावर ट्रॅक्टर नीट चालला तर छिद्र साफ करा, काम झालं.

डिझेलमध्ये पाणी येतं त्याला दर वेळी पंपवालाच जबाबदार असतो असं नाही. अर्धी रिकामी टाकी रात्रभर थंडीत राहिली की आतली वाफ थिजून पाणी होतं. म्हणून टाकी संध्याकाळी भरावी. पाणी जड, ते तळाशी बसतं. सकाळी सुरू करण्याआधी फिल्टरखालचा बोल्ट सैल करून थोडं काढून टाकावं.

आता धूर. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा ओझं जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतं आहे. काळा दिसला की आधी हवेचा फिल्टर उघडा. पऱ्हाटीच्या रानात रोटाव्हेटर असो की ज्वारीची मळणी, तेलाच्या वाटीत संध्याकाळपर्यंत चिखल साचतो. अशा दिवसांत ती रोज बघा, डिझेलने धुवा, खुणेपर्यंतच नवं तेल भरा. खुणेच्या वर भरलं तर इंजिन तेच तेल ओढून आवरेनासं पळतं. मळणीचं भूस रेडिएटरच्या जाळीवरही बसतं आणि इंजिन तापतं. फॅनपट्टा मधोमध दाबून अर्धा इंच दबला तर ठीक. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका.

ऑइलची पट्टी रोज काढून पुसून बघा. ऑइल कमी होणं समजतं, पण ते वाढलं असेल तर त्यात डिझेल किंवा पाणी उतरतं आहे. दुधासारखं दिसलं तर पाणीच. मग ट्रॅक्टर तिथेच उभा करून मिस्त्री बोलवा. मोठा पंप आणि नोझलही उघडायचे नाहीत. त्यांचं माप मशीनवर जुळवावं लागतं, धुऱ्यावर ते होत नाही.

घरचा पोरगा ट्रॅक्टर चालवतो, मग पोरीच्या हातात पाना का नको, हे मायबहिणींनी आज घरी विचारावं. नीट शिकायचं असेल तर मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण संस्था १९५५ पासून आहे.

बैठक संपली की बाहेर उभ्या असलेल्या जुन्या ट्रॅक्टरची हवा काढून दाखवणार आहोत. ज्यांना स्वतःच्या हाताने करून बघायचं आहे त्यांनी थांबावं, पाने आणले आहेत.