बाईंचा आवाज आणि 3 डेसिबल

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मेळाव्याच्या तयारीत आपल्या बॅचमधले दोघं महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. त्यातली एक मी, दुसरा आपला तबलजी. चूक माझी होती आणि ती मी ग्रुपवर सगळ्यांदेखत केली, म्हणून सगळ्यांदेखतच सांगते.

आपल्या संगीताच्या बाई आज नाहीत. त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट उरली आहे, गॅदरिंगच्या तालमीची. साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेली, मोनो. तबलजीनं ती संगणकावर उतरवली आणि मूळ फाइल मलाही पाठवली. सुरुवातीची खरखर कापायची, एवढंच काम. त्यानं ते त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं, मी माझ्या. दोन्ही ऐकल्यावर मी ग्रुपवर लिहिलं, “तुझ्या सॉफ्टवेअरनं बाईंच्या आवाजातली ऊब घालवली. कान तपासून घे.” वीस वर्षं ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाला हे मी लिहिलं!

आणि मला फरक खरंच ऐकू येत होता. माझ्या फाइलमध्ये बाई समोर बसून गात होत्या, त्याच्या फाइलमध्ये मागच्या बाकावर.

प्रो टूल्स, क्यूबेस, लॉजिक, रीपर यांचा आवाज वेगवेगळा असतो का, यावर संगीतवाले वर्षानुवर्षं भांडतात. पण मी सॉफ्टवेअरवाली. नुसती फाइल वाजवताना संगणक आकड्यांचे गुणाकार आणि बेरजा करतो. बेरीज कुठल्या कंपनीची उबदार आणि कुठल्या कंपनीची थंड कशी असेल? हा प्रश्न मी भांडणाआधी विचारायला हवा होता.

शेवटी एका रात्री चाचणी केली. मूळ फाइल न कापता दोन्ही सॉफ्टवेअरमधून बाहेर काढली. दोन्ही फाइली अगदी एकाखाली एक ठेवल्या, एकीची लाट उलटी केली, म्हणजे अधिकचं उणे, आणि दोन्ही एकत्र वाजवल्या. फाइली सारख्या असतील तर उत्तर शून्य, पूर्ण शांतता. शांतता झाली नाही. बाई गातच होत्या, सुमारे 11 डेसिबल खाली, पण अख्ख्या. सूर तेच, खरखरही तीच. ऊब नावाचं वेगळं काही उरलं असतं, तर फक्त तेवढंच ऐकू आलं असतं. उरलं होतं ते सगळंच, थोडं थोडं. म्हणजे फरक फक्त पातळीचा होता.

याला पॅन लॉ म्हणतात. मोनो आवाज मधोमध ठेवला की तो दोन्ही स्पीकरमधून येतो आणि मोठा वाटतो. म्हणून काही सॉफ्टवेअर तो मध्यभागी 3 डेसिबल उतरवतात, काही 4.5, काही अजिबात नाही. त्याचं उतरवत होतं, माझं नव्हतं. सेटिंग असते, बदलता येते. दोन्हीकडे एकच ठेवली, फाइली पुन्हा काढल्या आणि उलटी-सुलटी बेरीज केली. मीटर हललं नाही.

आवाज थोडासा मोठा असला की कानाला तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. अर्ध्या डेसिबलनंही माणसं फसतात; मी तर 3 डेसिबलना ऊब म्हणत होते.

सॉफ्टवेअरमुळे फरक पडतच नाही असं मात्र नाही. एबल्टनमध्ये वॉर्प सुरू असेल आणि टेम्पो जुळत नसेल, तर ते गाणं ताणतं. 44,100 ची फाइल 48,000 च्या प्रोजेक्टमध्ये नेली तर रूपांतर होतं, आणि प्रत्येकाची रीत थोडी निराळी. सोबत येणारे इक्वलायझर, रिव्हर्ब तर वेगळेच असतात. पण फाइल ठेवली, काही केलं नाही, पातळी सारखी असेल, तर बाई सगळीकडे त्याच.

त्याच रात्री दीड वाजता मी तबलजीला फोन केला. तो म्हणाला, “पॅन लॉ ना? मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं. पण तू विचारलं कुठे होतंस?”

आता तो ती फाइल लावणार आहे, त्यानं केलेली. प्रार्थनेच्या दुसऱ्या कडव्यात कोणीतरी खोकतं आणि बाई थांबतात. ती खोकणारी मीच.